ऑपरेटरचा अप्रेंटिस कसा झालो

नोटीस बोर्डावर कागद लागला तो कन्नडमध्ये होता. कंपनी अप्रेंटिस घेणार आहे, दहावी पास हवा, अर्ज ऑफिसात मिळतील, एवढंच. वयाचा उल्लेख कुठंच नव्हता. आमच्यातल्या कुणी तो कागद दुसऱ्यांदा वाचला नाही. अप्रेंटिस म्हणजे नुकतीच मिसरूड फुटलेली आयटीआयची पोरं, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना पाठ असतं. मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप, आणि त्याच कंपनीच्या मशीन शॉपमध्ये कंत्राटदाराच्या हजेरीवर सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं कातकामाचं मशीन, चालवत होतो.

'चालवत होतो' म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. हायड्रॉलिक पंपाची हाउसिंग फाउंड्रीतून यायची. ती चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, धरायची, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब, म्हणजे तो कापलेला भाग, बाहेर काढून कडेला राहिलेली धारदार बर घासायची, गेज घालून बघायचा, गाड्यावर ठेवायचा. प्रोग्रॅम सेटरनं, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिरानं, घातलेला. ड्रॉइंग सेटरच्या टेबलावर. ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, दोन-चार पॉइंट इकडंतिकडं करायला मी बघून बघून शिकलो होतो, पण का करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वर्षं गेली, हात तयार झाला, आणि कागदावर मी 'हेल्पर'च राहिलो. कंत्राटदार बदलला की नवं ओळखपत्र मिळायचं, त्यावर पुन्हा हेल्परच.

तर एचआरच्या मॅडमना सरळ विचारलं, ‘‘मॅडम, आम्हाला चालतंय काय हे?’’ त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, कायद्यात किमान वय आहे, १४ वर्षं, धोक्याच्या कामाला १८. वरची मर्यादा १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात घातलेलीच नाही. मर्यादा येते ती सरकारी पैशाची. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा देतं, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, आणि ते १४ ते ३५ वयाच्या उमेदवारासाठीच. ‘‘तुम्ही काठावर आहात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘करायचं तर आत्ताच.’’

कंपनीला माणसं का हवी होती, तेही त्यांच्याकडूनच कळलं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, २०१९ च्या दुरुस्तीपासून. किती, तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि या एकूणात आम्ही कंत्राटी लोकही मोजले जातो. म्हणजे कंपनीला आकडा भरायचा होताच. आणि दर वर्षी घेतलेली निम्मी पोरं दिवाळीच्या आत पुण्याला नाहीतर गोव्याला पळायची. मला वाटतं मोठ्या माणसानं मालकाशी बोलताना इथूनच सुरुवात करावी. ‘मला शिकवा’ म्हणून गेलात तर उपकार मागितल्यासारखं होतं. ‘तुमचा आकडा भरायचाच आहे, तर पळून न जाणारा, मशीन ओळखणारा माणूस घ्या’ म्हणून गेलात तर व्यवहार होतो.

व्यवहार मात्र मला वाटला तेवढा सोपा नव्हता, कारण अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. हे एक वाक्य घरी जाऊन पचवायला मला बराच वेळ लागला.

कामगार नाही म्हणजे पीएफ नाही. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही. ओव्हरटाइम तर जवळजवळ नाहीच, कारण अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावायचं तर सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते. आणि आमच्यासारख्यांचं घर चालतं ते ओव्हरटाइमवर. पगार हातात सोळा हजारांच्या आसपास यायचा, ओव्हरटाइम धरून वीसाला टेकायचा. त्यातून गाडीचा हप्ता, मुलीची शाळा, आप्पांच्या गोळ्या. त्याच्या जागी अप्रेंटिसचं किमान स्टायपेंड किती, तर मी करार केला तेव्हा दहावी पासला ६,००० रुपये. सरकारचे १,५०० म्हणजे या सहा हजारांची बरोबर २५ टक्के. ते धरूनच सहा हजार, वर नाही.

बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग शिकून झाल्यावर काय देणार म्हणालेत?’’ त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आप्पा म्हणाले, ‘‘खुळा हाईस काय? या वयात परत उमेदवारी?’’ त्यांनी स्वतः शहापुरात हातमागावर उमेदवारी केली होती, मागवाल्याच्या घरी झाडलोटही केली होती. उमेदवारी म्हटलं की त्यांना तेवढंच आठवतं.

मी परत मॅडमकडं गेलो ते दोन गोष्टी घेऊन. पहिली, ६,००० हे किमान आहे, कमाल नाही. कंपनीला जास्त द्यायला कायदा अडवत नाही. दुसरी बायकोचीच. कायद्याच्या २२ व्या कलमात दोन भाग आहेत. एक म्हणजे शिकून झालेल्या अप्रेंटिसला नोकरीत घेण्याबद्दल प्रत्येक मालकानं स्वतःचं धोरण ठरवायचं. दुसरा भाग महत्त्वाचा: करारातच जर लिहिलं असेल की प्रशिक्षणानंतर अप्रेंटिसनं इथंच नोकरी करायची, तर मालकाला योग्य ती नोकरी द्यावी लागते आणि अप्रेंटिसला ती करावी लागते. दोघंही बांधले जातात. हे कलम मला आमच्या युनियनमध्ये पूर्वी काम केलेल्या एका निवृत्त माणसानं दाखवलं. त्यानं वर एक इशाराही दिला, तो मी इथं तसाच देतो. काही ठिकाणी जुन्या कंत्राटी कामगाराला अप्रेंटिस केलं जातं ते शिकवायला नाही, पीएफ-ईएसआय वाचवायला. तेच मशीन, तेच बटण, फक्त पगाराचं नाव स्टायपेंड. म्हणून प्रशिक्षणाचा आराखडा दाखवा म्हणायचं. आराखडा नसेल तर उठून यायचं.

मालक स्वतः बोलायला बसले. आम्ही त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसलेलो नव्हतो. बोलणं अर्धं मराठीत अर्धं कन्नडमध्ये झालं. पैशाचा विषय आला की ते कन्नडवर जातात. शेवटी तेरा हजारांवर ठरलं, सरकारचा हिस्सा धरून. करार दीड वर्षाचा, सीएनसी टर्निंग ऑपरेटर या ऐच्छिक व्यवसायात. ऐच्छिक म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या टर्नर, फिटर, मशिनिस्ट अशा यादीतला नाही, तर उद्योगाच्या गरजेप्रमाणे आखलेला. त्याची मुदत सहा महिने ते तीन वर्षं अशी काहीही असू शकते. नंतरच्या नोकरीचं वाक्य करारात घालायला त्यांनी आधी कां-कू केली, मग ‘पास झाला तर’ असं जोडून घातलं. मला ते रास्त वाटलं.

आता कागद. आधी कंत्राटदाराकडं राजीनामा द्यावा लागला, कारण एकाच वेळी त्याचा कामगार आणि कंपनीचा अप्रेंटिस असं दोन्ही होता येत नाही. पीएफ काढून टाक म्हणणारे पुष्कळ भेटले. मी नाही काढला. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, पैसे न काढता ठेवले तर मागची आणि पुढची वर्षं जोडली जातात, आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. ईएसआयचंही एक गणित आहे, ते कुणी सांगत नाही: एप्रिल ते सप्टेंबरच्या कपातीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चचा पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणून मी राजीनामा सप्टेंबर संपल्यावर दिला. धाकट्याला दम्याचा त्रास आहे, पुढचं अर्धं वर्ष दवाखान्याची सोय राहिली. कामावर इजा झाली तर मात्र अप्रेंटिसलाही कामगारासारखीच भरपाई मिळते, ती जबाबदारी मालकाची. हे मी विचारून घेतलं होतं, कारण चकशी खेळ आहे.

सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करताना आमच्या भागातलं नेहमीचं दुखणं निघालं. मी शिकलो येळ्ळूरच्या मराठी शाळेत. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर माझं नाव आद्याक्षरं पुढं टाकून, आडनाव आखूड करून छापलंय. आधारवर वडिलांचं नाव मधे, आडनाव शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बँकेत तिसराच प्रकार. सरकारचा हिस्सा २०२३ पासून थेट अप्रेंटिसच्या खात्यात येतो, त्यामुळं आधार खात्याला जोडलेलं आणि नाव जुळलेलं लागतंच. आधार सेवा केंद्रात मार्क्स कार्ड दाखवून नाव दुरुस्त करून घेतलं, मग बँकेत, मग पोर्टलवर. सीमाभागात ज्यांची कागदपत्रं तीन भाषांतून फिरलीत त्यांनी हे काम सगळ्यात आधी उरकावं. कंपनीनं करार पोर्टलवर टाकल्यावर तो आपल्या लॉगिनमधून मान्य करायचा असतो, आणि नाव अडलं की तिथंच सगळं अडतं.

पहिले काही महिने मूलभूत प्रशिक्षण. उद्यमबागेतच एका केंद्रात. वर्गात माझ्याशेजारी बसलेला मुलगा माझ्या नोकरीपेक्षा थोडाच मोठा असेल. पहिल्या दिवशी त्यांनी मला शिक्षक समजून उठून नमस्कार केला, नंतर ‘काका’ म्हणायला लागले आणि तेच राहिलं.

इथं मला जे मिळालं त्यासाठी तेरा हजारांत घर चालवणं परवडलं असं मी म्हणेन. पहिलं म्हणजे ड्रॉइंग. आपल्याकडं भारतीय मानकाप्रमाणे प्रथम कोन पद्धत शिकवतात. जॉबचा वरून दिसणारा भाग समोरच्या दृश्याच्या खाली काढायचा. आमच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांची ड्रॉइंग यायची ती तृतीय कोनातली, तिथं वरचं दृश्य वरच. कोपऱ्यातलं ते कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह बघून कुठली पद्धत ते ठरतं. इतकी वर्षं ते चिन्ह मी कंपनीचा शिक्का समजत होतो. मग ५० एच ७ म्हणजे काय, तर ५० मिलीमीटरचं भोक, खाली शून्य, वर पंचवीस मायक्रॉन; त्यात बसलं तरच बेअरिंग बसेल. माझा गो-नो गो गेज, ज्याचं एक टोक आत जायला हवं आणि दुसरं अडायला हवं, हेच सांगत होता, पण मुकेपणानं. गेज अडकला की मी सेटरला हाक मारायचो. आता कळलं की तो कुठल्या बाजूला अडकतोय त्यावरून टूल झिजलंय की जॉब तापलाय ते ठरवता येतं.

आणि फिरकी. कापण्याचा वेग व्यासावर अवलंबून असतो, ही गोष्ट फळ्यावर एका सूत्रात आली: हजार गुणिले वेग, भागिले पाय (π) गुणिले व्यास. ५० मिमी व्यासाला मिनिटाला दीडशे मीटर वेग हवा तर फेरे साधारण ९५५. व्यास निम्मा झाला की फेरे दुप्पट व्हायला हवेत. आमच्या मशीनवर फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापताना, टूल मध्याकडं आलं की स्पिंडलचा आवाज का चढतो हे मी रोज ऐकत आलो होतो. तो जी९६, प्रोग्रॅममधला कापण्याचा वेग कायम ठेवणारा आदेश. आणि त्याच्या आधी जी५० लावून फेऱ्यांना वरची मर्यादा का घालायची, तर मध्यापाशी व्यास शून्याकडं जातो आणि स्पिंडल पळत सुटतं. ही मर्यादा न लावलेला प्रोग्रॅम आणि सैल धरलेला चक एकत्र आले तर जॉब दारातून बाहेर येतो. असं झालेलं मी एका ठिकाणी पाहिलंय. त्या दिवशी सगळे नशिबाला बोलले होते.

मास्तर धारवाडचे होते, शिकवायचे कन्नडमध्ये, आकडे इंग्रजीत. पोरांना थिअरी जड जायची आणि मला गणित. वर्कशॉपला मात्र ती माझ्या भोवती जमायची. वर्नियर कसा धरायचा, मायक्रोमीटरचं रॅचेट सोडून थेट आवळायचं का नाही, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, बदलताना बैठक पुसून का घ्यायची, हे मी त्यांना दाखवायचो. बदल्यात त्यातली एक मुलगी, मजगावची, मला त्रिकोणमिती शिकवायची. टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढायला टॅन लागतो, तो दहावीत असताना मी पाठ करून विसरलो होतो. तिच्या वहीत सगळं नीट होतं.

कंपनीत परत आल्यावर खरी ओढाताण सुरू झाली. शॉपला मी जुना माणूस. माझ्या मशीनवर ऑर्डर तुंबली की सुपरवायझर म्हणायचे, ‘‘जरा उभा राहा की, दोन तास.’’ दोन तासांचे चार व्हायचे. पहिल्यांदा राहिलो. मग त्यांनी बाकी ऑपरेटरांसारखं माझंही नाव दिवसाच्या उत्पादनाच्या फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी मॅडमकडं गेलो. कायदा याबाबत स्पष्ट आहे: अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत, आणि उत्पादन बोनससारख्या योजनेत त्याला ओढता येत नाही. नाव पुसलं गेलं. सुपरवायझर काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर त्यांनीच मला सेटरबरोबर लावलं, कारण तो म्हातारा होत चालला होता आणि त्याच्या डोक्यातलं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

सेटरमामांबरोबरचे महिने हे या सगळ्यातले सगळ्यात चांगले. ते कधी आयटीआयला गेले नाहीत. बेळगावात सीएनसी आल्या तेव्हा शिकवायला कोण नव्हतं, मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आठवडाभर राहून गेला, पुढचं सगळं त्यांनी मॅन्युअल उलगडून शिकून घेतलं. ते मला प्रोग्रॅम लिहायला लावायचे, आणि पहिल्यांदा तो हवेत चालवायचा, टूल जॉबपासून लांब ठेवून. नंतर एकेक ओळ. जी७१ या आदेशानं आधी जाड कापून रफ काढताना शेवटच्या फिनिशला किती ठेवायचं ते पुस्तकात एक असतं आणि आमच्या फाउंड्रीच्या कास्टिंगला दुसरंच लागतं, कारण वरच्या कातडीत वाळू राहते आणि ती इन्सर्टची धार खाते. हे असलं पुस्तकात नाही. मी वहीत उतरवून घेतलं. कायद्यानंही अप्रेंटिसला कामाची नोंद ठेवावीच लागते, पण माझी वही जाड झाली ती त्यांच्यामुळं.

पैशाचं मात्र जमवणं कठीणच गेलं, ते लपवत नाही. बायकोनं शिवणाचं काम वाढवलं. आम्ही वडगावच्या सोसायटीकडून थोडं कर्ज काढलं. भाताच्या कापणीला इतर वेळी मी मजूर लावायचो, त्या वर्षी सुटीच्या दिवशी स्वतः शेतात उतरलो. दीड वर्षाला ठीक. तीन वर्षांचा करार असता तर मी टिकलो नसतो. ज्यांच्या घरी दुसरी मिळकत नाही त्यांनी मुदत आधी बघावी, मग व्यवसाय. मध्येच सोडलं आणि चूक आपली ठरली तर प्रशिक्षणाचा खर्चही मागितला जाऊ शकतो.

माझं बघून ग्राइंडिंगवरचा एक मित्र तयार झाला. त्याचं वय ४१. कायद्यात तो बसतो, योजनेत नाही. म्हणजे सरकारचे १,५०० कंपनीनंच भरायला हवेत. मालकांनी पंधराशेसाठी नाही म्हटलं. मला ते कोतेपणाचं वाटलं आणि मी तसं मॅडमना सांगितलंही. तो आता दुसऱ्या वाटेनं चाललाय: अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला बसता येतं, त्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो. अडचण अशी की तीन कंत्राटदारांपैकी दोघांचा आता पत्ता नाही, आणि असलेल्या दाखल्यावर ग्राइंडर नाही, हेल्पर लिहिलंय. पगाराच्या पावत्या, ईएसआयच्या नोंदी, पीएफचं पासबुक असं सगळं गोळा करून तो मूळ कंपनीच्या सहीचा दाखला मागतोय.

माझी परीक्षा झाली. लेखी टॅबवर, मग प्रत्यक्ष काम, मग तोंडी. प्रत्यक्षाला पायऱ्यांचा शाफ्ट आणि त्यावर आटे काढायचे होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, आटे काढताना स्पिंडलचा वेग मध्येच का बदलायचा नाही. सांगितलं: प्रत्येक फेरीला टूल त्याच खाचेत पडलं पाहिजे. त्यांनी वय विचारलं, मी सांगितलं, त्यांनी काही न बोलता पुढचा प्रश्न विचारला.

प्रमाणपत्र आलं, नाव आधारप्रमाणे. करारातल्या त्या वाक्याप्रमाणे कंपनीनं मला स्वतःच्या हजेरीवर घेतलं. पद सहायक सेटर. पीएफचं खातं पुन्हा चालू झालं, जुनाच यूएएन. पगार ओव्हरटाइमशिवाय तिथं आलाय जिथं आधी ओव्हरटाइम धरून होता. गेल्या महिन्यात नवी नोटीस लागली. मॅडमनी या वेळी ती कन्नडबरोबर मराठीतही काढली आणि खाली एक ओळ टाकली: सध्याच्या कंत्राटी कामगारांनीही अर्ज करावा. फाउंड्रीतल्या फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, दोघांनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतलेत. दोघांचीही मार्क्स कार्ड आणि आधार जुळत नाहीत.